आयतोबाचा शेवटचा सामना

झालं गेलं विसरणारी माणसं असतात म्हणे. असतील बापडी. हा त्यातला नव्हता.

त्याला फुटबॉलच्या क्लबात आणला सख्ख्या मामाने. मामा तिथला प्रशिक्षक. आणि काढलाही मामानेच, तोही कपडे बदलायच्या खोलीत, सगळ्यांदेखत. "दुसऱ्यांनी राबायचं आणि याने गोलाच्या तोंडाशी उभं राहून आयता घास गिळायचा! आयतोबा लेकाचा. मला नको हा." सगळे फिदीफिदी हसले. याच्या एकाच पायात बूट होता. दुसरा त्याने हातात घेतला आणि तसाच बाहेर पडला.

नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे क्लबामागून क्लब बदलले, खोऱ्याने गोल केले, गुडघ्याची चिरफाड करून घेतली, तरी प्रेक्षकांतून कोणीतरी "आयतोबा!" म्हणून बोंबलायचाच. आता स्ट्रायकरने गोलाच्या तोंडाशी उभं राहायचं नाही, तर काय कोपऱ्यात बसून माशा मारायच्या? पण मामाला सांगणार कोण! मामा घरी आला की हा मागच्या दाराने पसार.

"अरे, सोड आता," आई कळवळून म्हणायची. "थकलाय माझा भाऊ."

"थकू दे. पण माझा गोल बघितल्याशिवाय मरू नकोस म्हणावं त्याला."

"जीभ झडो तुझी!"

याच्या निवृत्तीचा सामना आला तो नेमका मामाच्या क्लबाशी. मामाचा क्लब हरला तर खालच्या लीगमध्ये जाणार आणि मामा कायमचा घरी बसणार. याच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

मामाचा हुकमी डाव म्हणजे ऑफसाइडचा सापळा. त्याने "वर!" अशी आरोळी ठोकली की बचावाचे गडी एकदम पुढे सरकायचे आणि त्यांच्या मागे राहिलेला स्ट्रायकर अलगद ऑफसाइड व्हायचा. सरावात हा डाव मामाने याच्यावरच घोटून घेतला होता. आरोळीच्या आधी मामाचा हात खिशातून बाहेर येतो, हे त्यामुळे याला पक्कं ठाऊक. सामनाभर हा चेंडू सोडून मामाच्या खिशाकडेच बघत राहिला.

"तिकडे काय ठेवलंय रे?" कप्तान वैतागला.

"तू पास दे. बाकी माझं मी बघतो."

सामना संपत आला तरी गोल नाही. तेवढ्यात मामाचा हात बाहेर आला. हा झटकन आपल्या संघाच्या बाजूला मागे सरला. "वर!" बचाव पुढे आला, कप्तानाचा पास त्यांच्या डोक्यावरून पलीकडे पडला आणि हा गर्रकन वळून सुसाट सुटला. गोलकीपर अंगावर आला, त्यालाही चकवून लोळवला. समोर गोल मोकळा.

याने चेंडू रेषेवर थांबवला. वर पाय ठेवला. आता बघ म्हणावं, डोळे फाडफाडून बघ! आणि मामाकडे वळून पाहिलं.

मामाची पाठ होती. सापळा फसला म्हणून तो बाकावरच्या मदतनिसाला शिव्या हासडत होता.

"मार! मार ना!" कप्तान घसा फोडून ओरडत होता. पण मामाने न पाहिलेला गोल घेऊन करायचं काय? इतकी वर्षं जळत काढली ती कशासाठी? "वळ ना, मेल्या, वळ की!" हा दात-ओठ खात पुटपुटला. मामा वळेना. मागून बचावाचा एक गडी घसरत आला आणि त्याने चेंडूही उडवला आणि यालाही.

सामना बरोबरीत सुटला. मामाचा क्लब वाचला. कप्तान याच्या पायाशी थुंकून निघून गेला. हा तिथेच गवतावर बसून राहिला.

मामा पाय ओढत आला. "मला आत्ता सांगितलं पोरांनी. गाढवा, नुसता पाय लावायचा होतास! थांबलास कशाला?"

मामाला ऐकवायला याने एकेक जहरी शब्द राखून ठेवला होता. पण रडकुंडीला येऊन हा एवढंच म्हणाला,

"तू बघतच नव्हतास, मामा."