पंचांसमोर वाचलेलं पत्रक

ती घटना आठवली की आजही माझं डोकं चालेनासं होतं. देश स्वतंत्र झाला होता, आमच्याकडे मात्र निजामाचंच राज्य चालू होतं. मी भूम तालुक्यातल्या एका ठाण्यावर जमादार होतो. दफ्तर सगळं उर्दूत. मराठी वाचता येणारा ठाण्यात मी एकटाच, त्यामुळे गावोगाव सापडणाऱ्या सरकारविरोधी पत्रकांची कटकट माझ्या गळ्यात पडली.

ईटजवळच्या एका गावातून वरचेवर खबर यायची. खबर आणणारी एक शेतकरी म्हातारी. "साहेब, खळ्यावर परत कागद घावलाय." मी शिपाई घेऊन जायचो. जप्त केलेला कागद पंचांना वाचून दाखवायचा, मग त्यांचे अंगठे घ्यायचे, असा कायदा. मीही चावडीवर उभा राहून खणखणीत वाचायचो: लेव्हीचं, म्हणजे सरकार सक्तीने उचलतं ते, धान्य देऊ नका, सारा भरू नका, हे राज्य आता टिकत नाही. कामात कसूर करायची मला सवयच नव्हती.

तिकडे लेव्हीच्या गाड्या त्या गावातून रिकाम्या परत येऊ लागल्या. आमचे अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे प्रमुख, भडकले. "गावात कुणाला अक्षर येत नाही म्हणता, मग ही हवा फैलावतो कोण?" त्यांनी म्हातारीच्या लेकाला उचलून कोठडीत घातलं. बाजाराच्या दिवसापर्यंत नाव कळलं नाही, तर त्याची रवानगी गुलबर्ग्याच्या तुरुंगात. म्हातारीची मी कसून चौकशी केली. ती एकच सांगत राहिली, "म्या काय जानं?" खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो असा माझा अनुभव. ही तर सरळ माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत मला कीव दिसली. मला राग आला.

बाजाराच्या आदल्या दिवशी पुन्हा खबर आली. गेलो तर चावडी झाडलेली, सतरंजी अंथरलेली. पंच दोन लागतात. इथं अख्खा गाव बसलेला, बायका लेकरं घेऊन आलेल्या. मी वाचायला लागलो. मागून कुणीतरी ओरडलं, "जमादार, जरा दमानं! मागं ऐकू येईना."

पंचनामा आटोपून मी म्हातारीला बाजूला घेतलं. "आजी, खरं सांगा, कागद कोण टाकतं?"

"टाकतंय कोन ते न्हाय ठावं, बाबा. पर वाचतंय कोन ते समद्या गावाला ठावं हाय. माझ्या लेकाला नेलं. तुमाला कोन नेनार?"

ठाण्यावर येऊन मी सगळं अमीनसाहेबांना सांगितलं. हे वर कळवायचं तर पहिला आरोपी मी, दुसरे ते, कारण प्रत्येक पंचनाम्यावर त्यांचीच सही. संध्याकाळी त्यांनी लेकाला सोडलं आणि मला बजावलं, यापुढे हळू वाचायचं.

पुढच्या वेळी मी हळू वाचलं. लोक उठून जवळ सरकले.

पत्रक छापणारे मला कधीच सापडले नाहीत. एवढं मात्र कळलं, की कागद एकट्याने गाव उठवत नाही, तो मोठ्याने वाचणारा कुणीतरी लागतो. मी सरकारचा पगार घेऊन, सरकारच्याच कायद्याने वाचत होतो. मग मी नक्की कुणाचा माणूस होतो?

राज्य गेलं तेव्हा त्याच चावडीवर म्हातारीच्या लेकाने माझ्या गळ्यात हार घातला. मी नको म्हणालो नाही. कशाबद्दल, हे विचारायचा मात्र धीर झाला नाही.