आखाड्यावरचा गॅस

धावड्याच्या पुष्पाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा भोकरदनच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "आता चुलीचा धूर बंद." घरात सिलिंडर होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. रोजची भाकर चुलीवरच. म्हणून नवऱ्यानं, रखमाजींनी, शेणाचा गॅस बसवायचं मनावर घेतलं, तेव्हा पुष्पाबाईंना मनापासून आनंद झाला. आपल्या डोळ्यांची त्यांना एवढी काळजी असेल, असं वाटलं नव्हतं.

कंपनीचा माणूस आला. शेण कुजवायला जमिनीत विटांची टाकी बांधायची की जाड रबरी पिशवी घ्यायची, यावर ओसरीत बराच खल झाला. टाकी टिकते, पण गवंड्याच्या मागे कोण फिरणार? पिशवी झटपट बसते, पण उंदरांचं काय? रखमाजींनी त्या माणसाला नुसतं भंडावून सोडलं. गॅस निघाल्यावर उरणारं पातळ शेणखत मिरचीला किती मिळेल, हे तर दोनदा विचारलं. पुष्पाबाई चहा देता देता ऐकत होत्या. त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि त्याही बोलल्या नाहीत. गॅस म्हटल्यावर तो चुलीपाशीच येणार, त्यात सांगायचं काय!

पिशवी आली आणि बसली शेतातल्या वस्तीवर, म्हणजे आखाड्यावर, गोठ्याला लागून.

रखमाजींचं गणित साधं होतं. म्हशी आखाड्यावर, शेण तिथं, मिरचीही तिथंच. घर तेवढं गावात राहिलं. पुष्पाबाईंनी विचारलं, तेव्हा ते डोकं खाजवत म्हणाले, "मंग काय रोज शेण डोक्यावर घरी आणतीस?"

आखाड्यावर निळ्या ज्योतीवर चहा उकळू लागला. रखमाजी येईल त्याला गॅस दाखवत. इकडे पुष्पाबाई फुंकणी घेऊन चुलीपुढे, डोळ्यांना पदर लावून. राग तर असा यायचा, की भाकर थापताना परात वाजायची.

एके दिवशी रखमाजी मिरची घेऊन भोकरदनच्या बाजारात गेले. संध्याकाळी भुकेजून परतले, तर दाराला कुलूप. ते तडक आखाड्यावर आले. पुष्पाबाई पीठ, परात, तवा सगळं घेऊन तिथं बसल्या होत्या. वाऱ्यानं ज्योत हलत होती, तिला आडोसा म्हणून त्यांनी पत्रा लावला होता. भाकर टम्म फुगली होती.

"हे काय मांडलंस?"

"सैपाक. गॅस जिथं, सैपाक तिथं."

"अन् घर?"

"झोपाया येत जाईन की."

रखमाजी हात धुऊन बसले. पहिली भाकर संपेपर्यंत ते त्या पत्र्याकडे बघत होते. तो पुन्हा पुन्हा कलंडत होता आणि पुष्पाबाई पुन्हा पुन्हा सरळ करत होत्या. त्यांच्या डोळ्यांना आज पदर नव्हता.

"वारं लई लागून राह्यलं इथं," रखमाजी म्हणाले. "भिंत घालावी लागंल. कोण्या अंगानं घालू?"

पुष्पाबाईंनी दुसरी भाकर त्यांच्या ताटात टाकली.

"आधी जेवा," त्या म्हणाल्या. "मंग सांगते."