सरांची दोन बोटं

आमच्या कंधारच्या शाळेतल्या कबड्डीच्या सरांचं पाण्याशी काय वैर होतं, देव जाणे. सराव सुरू झाला की ते माठाशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसत. "पाणी पिलं की पाय जड होतात गं. उंट पितो का रोज?" आम्ही गप्प बसलो की आपण जिंकलो असं त्यांना वाटे. स्वतः मात्र तासाला दोन चहा. चहा त्यांच्या लेखी पाण्यात मोडत नसे.

आम्हाला पाणी मिळे ते एकाच वाटेनं. कुणी डोक्यावर आपटली की सर धावत येऊन तांब्याभर पाणी तिच्या डोक्यावर ओतत. ओघळलेलं आम्ही चाटून घ्यायचो. एकीनं तर तेवढ्यासाठी दोनदा पडायचं सोंग केलं. मग तपासणी. सर दोन बोटं नाचवून विचारत, "किती?" कायम दोनच. पाचवीतल्या पोरीलाही उत्तर पाठ होतं. पेपर असा फुटलेला, तरी सर निकालावर खूश. "डोकं ठीक हाय, उतर मैदानात!"

अहमदपूरच्या अंतिम सामन्यात भर उन्हात माझ्या घशाला कोरड पडली होती, पोटऱ्यांत गोळे आले होते. पकडीत एकीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मला सरच दिसेनात, बोटं तर दूरच. तरी मी म्हणाले, "दोन." उतरले आणि पुन्हा आपटले. शेवटची पकड माझीच म्हणतात. फोटोत कप माझ्याच हातात आहे. मला त्यातलं काही आठवत नाही. परतीच्या एसटीत मी सारखी विचारत होते, "सर, जिंकलो का?" सर दर वेळी हसून सांगत, "हाव गं, जिंकलो!" पोरगी आनंदानं येडी झाली, असा त्यांचा समज. पुढं वर्षभर उजेड सोसेना, वाचलेलं टिकेना. बारावीचं वर्ष गेलं. त्याचा राग मला अजून आहे. पण मुलींना मैदानात पाठवा म्हणून घरोघरच्या बापांशी भांडलेला माणूसही हाच, त्यामुळं धड रागावताही येत नाही.

आता त्याच शाळेत मी खेळ शिकवते. गेल्या उन्हाळ्यात सरांचा निवृत्तीचा सत्कार मैदानावर झाला. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा. भाषण रंगात आलं आणि सर चक्कर येऊन मंचावरून खाली पडले, डोकं पायरीवर. मी धावले. चार बोटं धरली. "किती, सर?"

"दोन!" क्षणाचाही विचार न करता सर म्हणाले, आणि माईक मागू लागले. त्या परीक्षेत पहिल्यांदाच कुणीतरी नापास झालं. मी त्यांना उठू दिलं नाही. नांदेडच्या दवाखान्यापर्यंत ते माझा हात धरून एकच विचारत होते, "भाषण झालं का गं?" मला हसू आलं नाही. भीतीच वाटत होती.

सर आता बरे आहेत. त्या दिवसाचं मात्र काही आठवत नाही. परवा मी भेटायला गेले तर सर म्हणाले, "मी भाषणात काय बोल्लो गं?"

मी म्हणाले, "पोरींनो, तहान मारू नका, पाणी पीत जा. डोक्याला लागलं की त्या दिवशी खेळ बंद. असं म्हणालात."

सरांनी हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, "मी म्हणलो म्हंजे बरोबरच असंल."