धड भागीरथीकडे, मुंडकं जयश्रीकडे

सुरतच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या प्रिंट मिलमध्ये सुकदेव बडगुजर छापील ताग्यांच्या साड्या कापतो. कापड समोर आलं की साडीच्या मापाने कात्री चालते, अशी त्याची जुनी सवय. त्यामुळे एका शाळेच्या मंडपासाठी छापलेलं कापडही त्याने साड्यांत कापलं. त्यावर डायनासोरच्या काळातले लांब मानेचे समुद्री सरीसृप होते, तेही खऱ्या मापाचे. एका साडीत वल्ह्यांसारखे पाय आणि धड आलं, दुसरीत नुसती मान आणि डोकं.

शेठ म्हणाले, "सुकदेवभाई, कानबाईपर्यंत माल खपवा, नाहीतर घरी बसा."

कानबाई हा खानदेशी लोकांचा श्रावणातला देवीचा सण. तिच्या मिरवणुकीत इथल्या खानदेशी गल्लीतल्या बायका एकसारख्या साड्या नेसतात. सुकदेवने आपल्या गल्लीत ह्याच खपवल्या. त्याच्या बायकोला, भागीरथीला धड मिळालं. तिच्या जावेला, जयश्रीला डोकं. दोघींचा वर्षभर अबोला होता.

मिरवणुकीत शेजारणीने विचारलं, "भागीरथी, तुन्हा जनावरनं मुंडकं कोठे शे?"

"ती चालनी ना पुढे, तिले इचार."

जयश्री मागे न वळता म्हणाली, "मंग मांगे काय चालस? बाजूले ये."

पदराला पदर लागला आणि जनावर पुरं झालं. ते बघून शेजारच्या गल्ल्यांनी उरलेला माल उचलला.

शेठनी सुकदेवला ठेवून घेतलं आणि तसलाच माल पुन्हा काढायला सांगितलं. पण आता प्रत्येकीला मुंडकंच हवं आहे. धडांचं काय करायचं, हे विचारायला सुकदेव रोज मिलच्या ऑफिसात माझ्या टेबलापाशी येतो.