सहमच्या डोंगरातला काळा ढीग

लोडरचं बकेट वर उचललेलं आणि समोर सालेमचाचा दोन्ही हात पसरून उभे. "ये कंपनी का नहीं है! बंद करो!" ते ओरडत होते.

आखातातल्या सहम गावापासून आत, डोंगरात, तांब्याची एक बंद खाण आहे. खाणीसाठी कंपनीने तिथे आख्खं गाव वसवलं होतं. क्वार्टर्स, मेस, दवाखाना, आपल्या लोकांनी हौसेने केलेलं सिमेंटचं क्रिकेट पिच. घर कंपनीचं, पाणी कंपनीचं, दुकानही कंपनीचंच. तांबं संपलं आणि गाव उठलं. ते पाडून जमीन सपाट करायचं काम आमच्या फर्मला मिळालं. मी सर्व्हेअर. चाचा इथलेच अरब, आपल्या लोकांत राहून हिंदी शिकलेले; पूर्वी खाणीत ड्रायव्हर होते, आता तिथलेच वॉचमन.

ड्रॉइंगमध्ये त्या काळ्या ढिगावर लिहिलं होतं, 'खाणीचा स्लॅग, भरावाला वापरा.' स्लॅग म्हणजे तांबं वितळवल्यावर उरणारा मळ. मीही डोळे झाकून सही ठोकली होती.

"मेरा बाबा इधर बकरी चराता था, तब से है," चाचा म्हणाले. "कंपनी का साहब लोग यही काला पत्थर देखके आया. बोला, इधर तांबा होगा."

मी एक ढेकूळ उचललं. कंपनीचा स्लॅग पलीकडे पडला होता, खडीसारखा बारीक. याच्यावर मात्र थिजलेल्या काकवीसारख्या वळ्या होत्या. मी कोल्हापूरकडचा, गुऱ्हाळात वाढलेला. हे कुणीतरी थोडं थोडं ओतलंय, एवढं कळलं. शेजारी भट्टीच्या भाजलेल्या मातीचा तुकडा होता. त्यावर लिंपणाऱ्याची चार बोटं उमटलेली. मी माझी बोटं त्यांत ठेवली. बरोब्बर बसली. मी त्याचा फोटो काढला.

आमचे मॅनेजर परकारसाहेब, रत्नागिरीचे. त्यांना फोन लावला.

"साहेब, हे फार जुनं दिसतंय. काम थांबवून सरकारला कळवायला हवं."

"अरे बाबा, गुरुवारपर्यंत भराव नाही झाला तर क्लायंट हाकलील आपल्याला. आधी तुझी नोकरी जाईल, मागून माझी."

"फोटो पाठवलाय. बघा तरी."

साहेबांनी फोटो उघडला आणि हळूच विचारलं, "माणसाची बोटं ही?"

"हो."

"या अल्ला! लोडर बंद कर. क्लायंटच्या शिव्या मी खातो."

त्यांनी त्या पोटभर खाल्ल्या. सरकारी तज्ज्ञ आले. भट्ट्या हजारो वर्षांपूर्वीच्या निघाल्या. ढिगाला कुंपण पडलं, भराव दुसरीकडून आला, नोकऱ्या राहिल्या. कुण्या काळी कुणी तांबं गाळून निघून गेलं, आणि त्याच्या मळाच्या मागावर दुसरं गाव येऊन वसलं! मी थक्क होऊन बघत राहिलो.

चाचा मात्र क्वार्टर्सकडे बघत होते. तिथेच त्यांची चार मुलं जन्मली होती. "वो बच गया," ते म्हणाले. "हमारा गाँव बचने को कितना पुराना होना मांगता था?"

पाडकामाआधीचे दोन दिवस मी सगळी कॉलनी मोजली. चाचा सांगत गेले, मी नकाशातल्या प्रत्येक घरावर राहणाऱ्याचं नाव लिहिलं. कामाच्या यादीत ते नव्हतं. आता एक प्रत त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. मोजमाप पाडण्याआधी घ्यावं. नंतर नुसती सपाट जमिनीची लेव्हल मिळते.