अणदूरची अम्मा ब्रॅडफर्डमध्ये बोलली

अणदूर सोडलं त्या सकाळी अम्मा स्टँडवर उशिरा पोचली. सोलापूरची एसटी लागली होती, अब्बांनी बॅगा चढवल्या होत्या आणि मी कंडक्टरला "दोन मिनिटं थांबा हो," म्हणून विनवत होते. धावत आली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. "सरूआजीला आंघोळ घालत हुते गं," एवढंच म्हणाली. मला लई राग आला. लेक परदेशी चालली होती आणि हिला शेजारची लकवा झालेली म्हातारी महत्त्वाची! तो राग मी इंग्लंडपर्यंत सोबत नेला.

अणदूरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, पुढं काय झालं ते तुम्हाला सांगायचंय.

ब्रॅडफर्डला माझे मिस्टर बस चालवतात, मी फार्मसीच्या काउंटरवर असते. तिकडं अंगणात बसलं की येणारा-जाणारा हाक मारायचा. इथं पहिली दोन वर्षं मी शेजारणीचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. मग आमच्या मशिदीतल्या बायकांबरोबर चर्चच्या हॉलमध्ये जायला लागले. महिन्यातून एकदा तिथं मशीद, मंदिर, गुरुद्वारा, चर्च अशी सगळीकडची माणसं जमायची आणि कुणीतरी पाहुणा बोलायचा. कधी ध्यान शिकवणारे, कधी युद्धाच्या मुलखात समेटाचं काम केलेले. मार्गारेट नावाच्या रिटायर्ड शिक्षिका ते सगळं जमवायच्या.

पण एका वर्षी शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला येणाऱ्यांच्या पार्किंगवरून मशीद आणि मंदिरात वाद पेटला. मंदिराच्या गेटसमोर गाड्या लागायच्या. मंदिर कमिटीचे पटेलभाई भर मीटिंगमध्ये ओरडले, आमच्याकडचेही गप्प बसले नाहीत. त्यानंतर शांततेवरची भाषणं आम्ही हॉलच्या दोन टोकांना बसून ऐकायला लागलो. निम्म्या खुर्च्या रिकाम्या.

त्यातच अम्मा तीन महिन्यांसाठी आली. मार्गारेट चहाला आल्या, अम्मा गावात आजाऱ्यांचं सगळं करते हे त्यांनी माझ्याकडून ऐकलं आणि म्हणाल्या, "पुढची पाहुणी हीच." मी घाईनं नाही म्हटलं. ती चौथी शिकलेली, इंग्लिश येत नाही, लोक काय म्हणतील, सगळं आलं मनात. अम्माला इंग्लिश कळलं नाही, माझं तोंड मात्र कळलं.

"काय म्हणतीया ती बाई?"

मी सांगितलं.

"बोलावणं मला हाय ना? मग तू कोण नको म्हणणारी?"

हॉलमध्ये ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. मी शेजारी, तिचं बोलणं इंग्लिशमध्ये सांगायला.

"आमचं आन् सरूआजीच्या लेकाचं, विठ्ठलचं, बांधावरनं भांडण हुतं," तिनं सुरुवात केली. "चार वर्सं बोलणं न्हाय. मग आजीला लकवा झाला. कूस बदलायला सुनंला एकटीला जमंना, पाठीला जखमा झालेल्या. म्या गरम पाणी घिऊन गेले. सुनंनं दार लावून घेतलं."

मी थांबले. बांधाचं भांडण मला ठाऊक होतं. दार लावलेलं ठाऊक नव्हतं.

"सांग की," अम्मा म्हणाली. मी इंग्लिशमध्ये सांगितलं.

"तीन दिवस दाराबाहेर बसले. चवथ्या दिवशी आतनं आजीच वरडली, 'आगं, तिला येऊ दे!' मग रोज जायला लागले. वर्सभरानं विठ्ठल सोताहून बांधाचा दगड माघारी सरकवून आला, म्हणला, भाभी, चुकलं."

मागून कुणीतरी विचारलं, राग नाही आला?

"राग हुता की! पण पाणी तापवलं हुतं. ते गार झालं असतं."

हे सांगताना मला स्टँडवरच्या तिच्या ओल्या बाह्या आठवल्या. मग पलीकडच्या टोकाला पटेलभाई उठले. त्यांची बायको हंसाबेन आठ महिने अंथरुणाला खिळून होती, एकट्यानं करून ते थकले होते. आमच्यातल्या कुणालाच पत्ता नव्हता. बोलता बोलता ते रडायला लागले.

अम्मानं मला विचारलं, "ह्यांचं घर किती लांब हाय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. अम्मा, मी, मशिदीतल्या दोघी आणि मार्गारेट. अम्मानं आम्हाला कूस कशी बदलायची, पाठ कशी पुसायची ते शिकवलं. हंसाबेननं डोळे मिटून अम्माचा हात धरून ठेवला. महिन्याभरात पटेलभाईंनी शुक्रवारी मंदिराचं आवार गाड्यांसाठी उघडून दिलं. अम्मा परत जायच्या आदल्या मीटिंगला हॉल असा भरला की मागं उभं राहावं लागलं! आज आम्ही चौदा जणी आहोत, चारही ठिकाणच्या, आणि सात घरांत आमच्या पाळ्या लागतात.

मागच्या आठवड्यात मलाच ताप भरला. मिस्टर ड्युटीवर होते. बेल वाजली, दारात मार्गारेट सूप घेऊन, त्यांच्यामागं पटेलभाई खिचडीचा डबा घेऊन. मार्गारेटनी न विचारता माझी चादर बदलली, पटेलभाई किचनमध्ये भांडी घासायला लागले. तेवढ्यात अम्माचा फोन आला.

"भांड्यांचा आवाज येतोय. कोण आलंय गं?"

मी सहज बोलून गेले, "कुणी न्हाय अम्मा, घरचीच माणसं हायत."