आखूड दस्त्याची बंदूक

भेंडी घेताना टोक मोडून बघायचं, हे मला आईने शिकवलं. पुढे सॉफ्टवेअर तपासायची नोकरी लागली, म्हणजे संशय घेण्याचा पगारच मिळू लागला. नवरा म्हणतो, "तू नं, प्रसादातही केस शोधशील." शोधते. सापडतोही.

म्हणूनच इथे परदेशात, ल्यूकनमधल्या आमच्या शेजारच्या बाईंनी बंदुकीच्या दुकानात मला बरोबर नेलं असावं. त्यांचे यजमान हिवाळ्यात गेले. उंच माणूस, आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून वाकून आत यायचा. उजव्या भुवईवर जुना आडवा व्रण. विक्लोच्या डोंगरात हरणांच्या शिकारीला जायचा. त्याची एक जुनी लष्करी रायफल मागे राहिली होती. परवाना त्याच्या नावावर, घरी ठेवता येईना, म्हणून ती एका बंदूकविक्रेत्याकडे नेऊन ठेवली होती. बाईंना ती विकायची होती, पण टोचत होतं ते निराळंच. अंत्यविधीनंतर सँडविच खाता खाता दीर सगळ्यांदेखत म्हणाला होता, की त्या मूर्खाने चांगली रायफल कापून तिची माती केली, नाहीतर संग्राहकांच्या उड्या पडल्या असत्या.

"पैसे किती का येईनात," बाई गाडीत म्हणाल्या. "तो मूर्ख नव्हता, एवढं जाणकार माणसाने सांगितलं की मी ग्रँड, मला दुसरं काही नको. मला त्यातलं काही कळत नाही गं. मी बंदुकीला कधी बोटही लावलेलं नाही."

दुकानदाराने आधी चहा विचारला, मग बिस्किटं पुढे केली. गिऱ्हाइकाला आधी बिस्किट देणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. मी बिस्किट घेतलं नाही.

त्याने रायफल आणून टेबलावर आडवी ठेवली. "संग्राहकाला ही लष्करातून निघाली तशी हवी असते," तो म्हणाला. "इथे पुढचं लाकूड तासलंय, नळी आखूड केलीय, दुर्बीण बसवायला पोलादात भोकं पाडलीत. लाकूड शोधून परत बसवता येईल. भोकं कशी बुजवणार? आणि शिकाऱ्याला आता नवी, हलकी रायफल मिळते. तो ही कशाला घेईल?"

मी फोनवर वाचून आले होते ते हेच. तो खरं बोलतोय म्हटल्यावर मला जास्तच चीड आली. "म्हणजे तुम्ही घेताना ती 'कापलेली', आणि विकताना 'खास शिकारीसाठी बनवलेली'. असंच ना?"

तो हसला. "दोन्ही खरंच आहे. पण हिची खरी अडचण वेगळीच आहे." त्याने रायफल उलटी फिरवली आणि खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता दाखवला. "हा मागून चांगला दोन बोटं कापलाय. नीट, हुशार कारागिराकडून. कुणातरी बुटक्या माणसासाठी." त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमच्या एवढ्या."

माझ्या डोक्यात तिथेच चक्र सुरू झालं. बाई माझ्याच उंचीच्या, पण त्यांनी तर कधी बोट लावलेलं नाही. मग त्या डोंगरात त्याच्याबरोबर कोण जात होतं? कुठेतरी पाणी मुरत होतं. मला त्या मेलेल्या माणसाचा भयंकर राग आला. ज्याची अब्रू राखायला आम्ही इतक्या लांब आलो, तो हा! बाई खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्या लक्षात यायच्या आत त्यांना बाहेर काढायचं, एवढंच मला सुचलं.

"निघू या आपण," मी त्यांची बाही ओढली.

पण दुकानदार कसला गप्प बसतोय! "यजमान बुटके होते का?"

"सहा फुटांच्या वर," बाई म्हणाल्या.

"मग ही वापरायचे कसे? एवढ्या आखूड दस्त्याने डोळा दुर्बिणीला भिडतो. गोळी सुटली की धक्क्याने दुर्बीण मागे येते आणि भुवई फोडते."

बाईंचा हात हळूहळू स्वतःच्या उजव्या भुवईवर गेला.

"फांदी लागली म्हणायचा," त्या म्हणाल्या. "दोनदा टाके पडले. दोन्ही वेळा फांदीच."

मग त्या खुर्चीवर बसल्या. "मुलं घराबाहेर पडली तेव्हा त्याने ही आणली. म्हणाला, तुझ्यासाठी बनवून घेतलीय, आता चल माझ्याबरोबर. मी हसले. म्हटलं, हौस तुझी आणि नाव माझं. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं."

"मग तुम्ही जात नाही म्हटल्यावर दस्ता वाढवून का नाही घेतला?" मी विचारलं. तेव्हाही मला राहवलं नाही.

"मीही म्हटलं होतं एकदा, की विकून तरी टाक. म्हणाला, राहू दे. कधी आलीस तर."

 दुकानदाराने रायफल उघडून रिकामी असल्याची खात्री केली आणि ती त्यांच्या हातात दिली. खांद्याला कशी लावायची ते दाखवून तो बाजूला झाला. बाईंनी ती उचलली. मान ताणावी लागली नाही, हात लांबवावा लागला नाही. गाल लाकडावर टेकला आणि डोळा आपोआप दुर्बिणीमागे आला.

"बरोब्बर बसते गं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ त्यांनी ती खाली ठेवली नाही.